उत्तेजन देताना या चुका टाळा

ख्रिस्ती माणसाने आपल्या बंधुभगिनींना धीर द्यावा की न द्यावा, हा त्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल तशी स्पष्ट आज्ञा करतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (3:13) तर हे काम दररोज करावे असे सांगितले आहे. मंडळीत या कामासाठी उत्साही माणसांचा तुटवडा मला कधी जाणवला नाही. आजाऱ्याच्या खाटेजवळ, नोकरी गेलेल्याच्या घरी आणि दफनविधीनंतरच्या भेटीत तीच ती वाक्ये त्याच त्या घाईने बोलली जाताना मात्र मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि ती ऐकणाऱ्याचा चेहरा कसा उतरतो हेही पाहत आले आहे.

देवाने न दिलेले आश्वासन देवाच्या नावाने देणे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट चूक आहे. आमच्या मंडळीतील एका भगिनीला कर्करोग झाला होता. भेटीला येणारे लोक तिला सांगत, “तुम्ही बऱ्या होणारच, प्रभूने मला दाखवले आहे.” एका पाहुण्याने तर उशाशी ठेवलेल्या गोळ्या पाहून, अजून तुमचा भरवसा औषधांवरच आहे का, असे विचारले. त्यानंतर दाराची घंटा वाजली की ती आधी गोळ्यांची पट्टी उशीखाली सरकवी, मग केसांवरून हात फिरवी आणि मग हसून “या” म्हणे. गोळीची वेळ टळून गेली तरी पाहुणे उठेपर्यंत ती वेदना सोशीत बसून राही. एके दुपारी आम्ही दोघीच असताना तिने मला विचारले, “ताई, मी बरी झाले नाही तर या सगळ्यांना काय सांगू?” दुखण्याचा भार तिच्यावर होताच, आता लोकांच्या भविष्यवाण्या खऱ्या करून दाखवण्याचा भारही तिच्यावर येऊन पडला होता. काही महिन्यांनी ती प्रभूमध्ये झोपी गेली. ज्यांना “दाखवले” होते त्यांच्यापैकी कोणीही नंतर तिच्या पतीकडे फिरकले नाही.

अशा लोकांना मी जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचायला सांगते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्व लोकांदेखत जाहीर केले की बाबेलच्या राजाचे जू मोडले असून दोन वर्षांच्या आत मंदिरातली पात्रे आणि बंदिवान परत येतील. लोकांना याहून गोड वाटणारे काही ऐकायला मिळाले नसते. यिर्मयाने दिलेले पहिले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण तो म्हणाला, “आमेन, परमेश्वर तसे करो.” यिर्मयालाही तेच व्हावेसे वाटत होते, पण आपली इच्छा आणि परमेश्वराचे वचन यांची त्याने गल्लत केली नाही. हनन्याने ती गल्लत पाचव्या महिन्यात केली आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात तो मरण पावला. लोकांना खोट्या गोष्टीवर भरवसा ठेवायला लावल्याचा दोष यिर्मयाने त्याच्या तोंडावर सांगितला होता.

याच्या पुढच्याच अध्यायात ते वचन येते, जे आज चहाच्या कपापासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळीकडे छापलेले असते, म्हणजे यिर्मया 29:11, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असे परमेश्वर सांगतो ते. ते उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याच्या अगोदरचे दहावे वचन वाचलेले असते. तेथे बाबेलची सत्तर वर्षे पुरी होतील तेव्हा, असे म्हटले आहे. हे वचन यिर्मयाने बाबेलमधील बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्या लोकांपैकी बहुतेकांचा अंत बाबेलमध्येच होणार होता, आणि म्हणूनच त्यांना घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा आणि त्या परक्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले गेले. हे खरे उत्तेजन आहे, कारण लांब चालणाऱ्या दुःखात दिवस कसे काढायचे हे ते शिकवते. पुढच्या महिन्यात नोकरी नक्की लागेल याची हमी म्हणून ते वचन वापरणे म्हणजे यिर्मयाचे शब्द घेऊन हनन्याचे काम करणे होय.

औषध घेण्यावरून टोचणाऱ्यांना इतकेच सांगेन की पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी स्थितीत मागे ठेवले, आणि स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती करूनही तो काटा काढला गेला नाही. यांपैकी कोणाच्या विश्वासावर शास्त्र बोट ठेवत नाही.

माझी सवय साधी आहे. मी “होईल” असे म्हणत नाही, “व्हावे अशी मी प्रार्थना करते” असे म्हणते. आणि ज्या दिवशी एखादे वचन कोणाला द्यायचे असेल त्या दिवशी तो संपूर्ण अध्याय घरून वाचून निघते, मग ते वचन मला कितीही पाठ असो. एखाद्या शिबिरात दहा वचने पाठ करून दुसऱ्याच आठवड्यात घरभेटींना निघालेल्या तरुणांना हा सल्ला फार संथ वाटतो, आणि तो संथच आहे.

माणूस बोलायच्या आत त्याला उत्तर देणे

एकाएकी सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांची आपण टिंगल करतो, पण त्यांची सुरुवात आपल्यापेक्षा बरी होती. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणीही एक शब्द बोलला नाही. आपल्यापैकी बहुतेकांना सात मिनिटे जमत नाही. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. दहा मुले एकाच दिवशी गमावलेल्या बापाला बिल्दद म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. अलीफजाचे एक वाक्य तर पुढे पौलानेही करिंथकरांस लिहिताना शास्त्रवचन म्हणून घेतले आहे, तरीही शेवटी देवाचा क्रोध भडकला तो याच अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. म्हणजे एरवी खरे असलेले वाक्यही चुकीच्या माणसासमोर चुकीच्या वेळी बोलले गेले की बोलणारा देवापुढे दोषी ठरू शकतो. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस 8:28 चे वचन मृत्यू झालेल्या घरी पहिल्याच दिवशी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्याच पत्रात, चारच अध्याय पुढे, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असेही लिहिले आहे.

याउलट रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजलेल्या एलीया संदेष्ट्याशी देवदूत कसा वागला ते पाहावे. त्याने एलीयाला स्पर्श केला आणि ऊठ, खा, एवढेच म्हटले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलीया जेवून पुन्हा झोपला, तरी देवदूत रागावला नाही. त्याने त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. “तू येथे काय करीत आहेस?” हा प्रश्न चाळीस दिवसांनंतर होरेब डोंगरावर आला, आणि बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार शिल्लक आहेत ही बातमी त्याहीनंतर. मी कोणाकडे गेले की प्रथम तो जेवला का, झोपला का, हे विचारते आणि मग गप्प बसते. शांतता अवघड वाटते ती पाहुण्याला. दुःखी माणसाला सहसा वाटत नाही.

कोणालाही लागू पडेल अशी स्तुती

“तुम्ही फार छान सेवा करता” हे वाक्य मंडळीतल्या कोणालाही म्हणता येते, म्हणूनच ते कोणाच्याही मनात राहत नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नावांची यादी समजून लोक गाळतात, पण उत्तेजन कसे द्यावे हे शिकायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली, पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले, रूफाची आई मलाही आईसारखी झाली, असे पौल एकेकाचे नेमके काम सांगत जातो. मी उपासनेनंतर एकाच माणसाला गाठते आणि त्या दिवशी त्याने केलेली एकच गोष्ट त्याला सांगते. शक्यतो तो माणूस व्यासपीठावरचा नसतो, कारण व्यासपीठावरच्यांना सांगणारे पुष्कळ असतात.

काही चुकांवर फार लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्याची अडचण त्याला न विचारता “प्रार्थनेचा विषय” म्हणून सर्वांसमोर मांडणे ही चहाडीच आहे, डोळे मिटून केली तरी. समोरचा आपल्या शस्त्रक्रियेबद्दल बोलत असताना आपल्या शस्त्रक्रियेची साक्ष सुरू करू नये. स्तुतीच्या वाक्याला “पण” जोडू नये. सुधारणा सांगायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी सांगावी. पहाटे पाच वाजता शंभर जणांना एकदम पाठवलेले फुलांचे वचनचित्र हे उत्तेजन नव्हे. मोठ्या पहाटे उठून मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापासारखा गणला जाईल, असे नीतिसूत्रे 27:14 मध्ये लिहिलेच आहे, आणि तेव्हा तर मोबाइल नव्हते.

सर्वांना एकच औषध देण्याची खोडही सोडावी. 1 थेस्सलनीकाकरांस 5:14 मध्ये पौल अव्यवस्थित वागणाऱ्यांना बोध करायला, खचलेल्यांना धीर द्यायला आणि अशक्तांना आधार द्यायला सांगतो. सहनशीलता मात्र सर्वांशीच. कर्ज काढून चैन करणाऱ्याला “प्रभू पुरवील” म्हणून पाठीवर थाप मारणारे लोक मी पाहिले आहेत. जो पौल भांडखोर करिंथकरांसाठीसुद्धा पत्राच्या आरंभी देवाचे उपकार मानतो, तोच गलतीकरांना लिहिताना उपकारस्तुती वगळून थेट आश्चर्य आणि नाराजी व्यक्त करतो, कारण तेथे सुवार्ताच पणाला लागली होती.

पहिल्या आठवड्यानंतर विसरून जाणे

संकटाच्या पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नसते आणि तिसऱ्या महिन्यात फोनही वाजत नाही. धीर देणारा म्हणून पौलाचा सहकारी बर्णबा याचे नाव सगळे घेतात, पण त्याचा वेग कोणी घेत नाही. यरुशलेमेत सर्व शिष्य शौलाला, म्हणजेच पौलाला, भीत असताना त्याने त्याला प्रेषितांकडे नेले, आणि पुढे अंत्युखियात काम वाढल्यावर तो स्वतः तार्ससला जाऊन त्याला शोधून घेऊन आला. पंफुल्यात सोबत सोडून गेलेल्या मार्क या सोबत्याला पुन्हा बरोबर घेण्यासाठी त्याने प्रत्यक्ष पौलाशी तीव्र मतभेद पत्करला आणि मार्काला घेऊन तो कुप्राला निघून गेला. त्याचे फळ फार उशिरा दिसते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, जीवनाच्या अखेरीस, पौलच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे लिहितो.

माझ्या वहीत लोकांच्या तपासण्यांच्या, न्यायालयातल्या तारखांच्या आणि मृत्यूनंतरच्या तिसऱ्या व सहाव्या महिन्याच्या नोंदी असतात. त्या दिवशी मी फोन करते, आठवण आहे असे सांगते, मृत व्यक्तीचे नाव मुद्दाम घेते आणि दोन-तीन मिनिटांत ठेवते. पलीकडच्याने फोन उचलला नाही तर एका ओळीचा निरोप पाठवते आणि उत्तर द्यायची गरज नाही, असे त्यातच लिहिते.