नळ नसलेल्या घराचे पाणी: या चुका टाळा

अमळनेर-पारोळा पट्ट्यातील आमच्या मळ्यातल्या घराला नळयोजना नाही आणि वीजजोडणीही नाही. छपरावरचे पावसाचे पाणी, एक भूमिगत टाकी आणि सौरपंप यांवर आम्हा चौघांचा संसार चालतो. शहरातली नोकरी सोडून शेतात घर बांधणारे अनेक जण ही व्यवस्था पाहायला येतात आणि टाकी किती लिटरची घ्यावी, असे उंबरठ्यावरच विचारतात. निम्म्या जणांनी तर ती आधीच विकत घेतलेली असते. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो.

आधी छप्पर मोजावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आमचे पत्र्याचे छप्पर सुमारे ७५ चौरस मीटरचे असून हिशेबासाठी मी वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरतो. म्हणजे ४५,००० लिटर. गळती, बाष्पीभवन आणि पन्हाळीवरून उडून जाणारे पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला की ३६,००० लिटर उरतात. नवखे लोक इथे थांबतात आणि फसतात, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांतही घरात माणसे राहतात, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. रोज १०० लिटर वापर धरला, तर त्या काळात १२,००० लिटर संपतात, आणि ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी २४,००० लिटर शिल्लक राहतात. आमची टाकी त्यावरून ठरली: चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटर खोल. तिच्यात एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १२० लिटर, त्यामुळे खुणा केलेली बांबूची काठी दर रविवारी आत बुडवली, की हिशेब समोर येतो. आठवड्याला सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त उतार दिसला, तर त्या आठवड्यात हात आखडायचा. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरावरचे पाणी मात्र गोळा करण्याच्या भरीस पडू नये. मातीचा गाळ टाकीत साचतो आणि काढता काढता जीव जातो.

हे काही माझे शोध नव्हेत. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर चालत आलेल्या फड पद्धतीत (फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतीचा एक पट्टा) बंधाऱ्यात पाणी किती आहे हे पाहूनच कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते ठरते, पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक राहतो, आणि ठरलेल्या पाळीप्रमाणे पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो. घरातही कोणी तरी पाटकरी असावाच लागतो. आमच्याकडे ते काम माझ्या आईकडे आहे आणि तिच्याशी वाद घालण्याची सोय नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहितो. सुरुवातीच्या काळात मी ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी चौथऱ्यावर बसवली होती आणि सौरपंपाने ती काठोकाठ भरून ठेवण्यात मला मोठे समाधान वाटे. टाकीतून घरात येणारा पाइप भिंतीवरून उघडाच नेला होता. दोन उन्हाळे तापून तो ठिसूळ झाला आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री त्याचा एक सांधा निखळला. सकाळी टाकी रिकामी होती, चौथऱ्याखालची माती वाहून गेली होती, आणि दोन्ही बहिणी मुलाबाळांसह माहेरी यायच्या वाटेवर होत्या. ज्या सणाला पाण्याने भरलेली घागर पुजायची, त्या दिवशी आम्ही शेजारच्या मळ्यातून कळशीने पाणी आणत होतो. दुपारी टँकर आला तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तेव्हापासून चौथऱ्यावर १०० लिटरचे पिंप आहे. सकाळी उन्हे आली की पंप पंधरा मिनिटे चालतो, पिंप भरते आणि त्या दिवसापुरते तेवढेच. सांधा निखळला तरी नुकसान १०० लिटरचेच होते. पिंपाच्या तोंडाशीच एक व्हॉल्व्ह असून तो रात्री बंद केला जातो, आणि पाइप मातीत पुरलेला आहे. आपोआप पंप बंद करणारी यंत्रे मला मान्य नाहीत. तरंगता गोळा अडकला, तर भूमिगत टाकी बोलता बोलता उपसली जाते. पाहुणे येणार असतील, तर महिनाभर आधीपासून रोज थोडे पाणी मागे ठेवावे, कारण आखाजी आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातच येते.

पाइप उघड्यावर असेल, तर मे महिन्यात दुपारी त्यातून येणारे पहिले पाणी हात भाजेल इतके तापलेले असते आणि लोक ते गार होईपर्यंत मोरीत सोडून देतात. त्याच पाण्याने तेलकट भांडी घासावीत, राखही कमी लागते.

पावसाच्या पाण्याला आरओ लावू नये. क्षार मुळातच नगण्य असतात, आणि गाळलेल्यापेक्षा अधिक पाणी ते यंत्र वाया घालवते. कापडाने गाळून उकळावे.

पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नये. छपरावरची धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर येते; आमच्याकडे पन्हाळीचा पाइप पहिल्या दोन सरींपर्यंत बाजूला वळवलेला असतो.

टाकीच्या झाकणाला आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी नसेल, तर तिच्यात डास वाढतात.

न्हाणीघराचे पाणी साठवून ठेवण्याचा हव्यास सोडावा. उन्हाळ्यात एका दिवसात त्याला वास सुटतो. आम्ही ते त्याच दिवशी केळी आणि कर्दळीच्या आळ्यांत सोडतो, आणि धुण्याचे शेवटचे विसळलेले पाणी बादलीत भरून शौचालयात वापरतो. पालेभाजीला यांतले काहीही घालत नाही.