इंग्रजी वाक्य सुधारताना या चुका टाळा: कानावर विसंबू नका

वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात इंग्रजी वाक्याचा एक भाग अधोरेखित असतो आणि त्याच्या जागी बसणारा बरोबर पर्याय निवडायचा असतो. काही पर्याय सरळ व्याकरणावरच बाद होतात. उरलेल्या दोघांत फरक असतो तो एखाद्या टू-फ्रॉमचा. इथे बरेच जण दोन्ही मनात वाचून बघतात आणि जो बरा वाटेल त्यावर खूण करतात. पेपर काढणारा याच सवयीवर टपून बसलेला असतो. चुकीचा पर्याय तो मुद्दाम ओळखीचा वाटेल असा ठेवतो.

आपला कान मराठीत घडलेला. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' बरोबर वाटतं. मुद्द्यावर भर देतो, म्हणून 'एम्फसाइझ ऑन'. बसपेक्षा रेल्वे बरी, म्हणून 'प्रिफर'नंतर 'दॅन'. तिन्ही चूक. डिस्कस आणि एम्फसाइझ यांना थेट कर्म लागतं, प्रिफरला टू. गंमत अशी, की याच क्रियापदांची नामं झाली की 'डिस्कशन अबाउट' आणि 'एम्फसिस ऑन' अगदी योग्य ठरतात. त्यामुळे अधोरेखित भागात क्रियापद आहे की नाम, हे आधी बघा.

आता हे वाक्य घ्या: 'द काउन्सिल कन्सिडर्स द ब्रिज ॲज अनसेफ अँड हॅज प्रोहिबिटेड ट्रक्स टू क्रॉस इट.' वाचताना कुठेच अडखळायला होत नाही, पण चुका दोन आहेत. 'मानणे' या अर्थाच्या कन्सिडरनंतर परीक्षेत ॲज चालत नाही. 'कन्सिडर्स द ब्रिज अनसेफ' एवढंच पुरे. ॲज लागतो तो 'रिगार्ड'ला. दुसरं, प्रोहिबिटला फ्रॉम हवा आणि त्यापुढे 'क्रॉसिंग'. हेच 'फॉरबिड' असतं तर 'टू क्रॉस' बरोबर होतं. अशा प्रश्नात एक चूक दुरुस्त करून दुसरी तशीच ठेवलेला पर्याय हमखास असतो. पहिली चूक सापडल्याच्या आनंदात तोच निवडला जातो.

नुसतं शब्दयोगी अव्यय पाठ करणं ही पुढची चूक. 'केपेबल'ला ऑफ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऑफच्या पुढे 'डू' नाही, 'डूइंग' येतं. 'एबल'ला मात्र 'टू डू'. शिवाय एका क्रियापदाची एकच जोडी असते असंही नाही. ॲग्री व्यक्तीशी असेल तर विथ, प्रस्तावाला असेल तर टू, ठरलेल्या मुद्द्यावर असेल तर ऑन. वाक्यात पुढे काय आहे ते न बघता उत्तर देता येत नाही.

जोडीने येणारे शब्द लांब लांब ठेवले की तेही नजरेतून सुटतात. 'बिटवीन 1990'च्या पुढे दहा-बारा शब्दांनी 'टू 2000' आलं तरी खटकत नाही. तिथे अँड हवा; टू चालतो तो फ्रॉमबरोबर. लांब वाक्यात बिटवीन, आयदर किंवा नॉट ओन्ली दिसला की बाकीचं बाजूला ठेवून आधी त्याचा जोडीदार शोधा.

'डिफरंट टू' ब्रिटिश बोलण्यात चालतं; परीक्षेत 'डिफरंट फ्रॉम' निवडलेलं बरं. आणि जीमॅटची, म्हणजे एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करत असाल तर वाक्य सुधारण्याच्या या प्रकारावर वेळ घालवूच नका. 2023 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून तो काढून टाकला आहे, जुनी पुस्तकं मात्र अजून त्यानेच भरलेली आहेत.

वहीत 'प्रोहिबिट – फ्रॉम' अशा याद्या करण्यात फारसा अर्थ नाही, कारण पेपरात शब्द असे सुटे येत नाहीत. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर वाक्य पूर्ण लिहा आणि क्रियापदापासून त्याच्या पुढच्या पूर्ण तुकड्याखाली रेघ ओढा: 'प्रोहिबिटेड ट्रक्स फ्रॉम क्रॉसिंग'. उजळणी करताना तेवढाच तुकडा मोठ्याने वाचा.