नोटिफिकेशनला वैतागून कॉम्प्युटर फॉरमॅट मारताय? आधी या चुका टाळा

उजव्या कोपऱ्यात लाल पाटी येते: "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत." ती घालवेपर्यंत दुसरी. मग दुकानात फोन येतो, "फॉरमॅट मारून द्या की, आजच्या आज पाहिजे." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या पाटीवर क्रोम किंवा एज या ब्राउझरचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसतोय का? दिसत असेल तर मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं. कुणीतरी त्या वेबसाइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलेली असते, एवढंच.

दिसेल तिथं 'अलाऊ' दाबणं

क्रोममध्ये ही सोय 2015 पासून आहे. वेबसाइट उघडी नसली तरी तिला सूचना पाठवता यावी, हा तिचा हेतू. मेल किंवा कॅलेंडरसाठी ती उपयोगाचीच आहे. पण फुकट पीडीएफ बदलून देणाऱ्या, फुकट फॉन्ट आणि सिनेमे देणाऱ्या कितीतरी साइट्सनी त्यावर धंदा मांडलाय. "तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" असं त्या लिहितात. हे साफ खोटं आहे. रोबोची खरी तपासणी चौकटीत टिक करायला लावते, चित्रं निवडायला लावते. त्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये हेच झालं. हिशेब बघणाऱ्या ताईंच्या मशीनवर दिवसभर व्हायरसच्या पाट्या. त्यांनी अँटिव्हायरस विकत घेतला, पूर्ण स्कॅन केला, काही सापडलं नाही. सापडणार कसं? तिथं व्हायरस नव्हताच. मग मालकांच्या ओळखीतला एक पोरगा आला आणि त्यानं कुणाला काही न विचारता सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच ड्राइव्हवर होता. पेनड्राइव्हवरचा बॅकअप कधीचा तरी जुना. 20 तारखेचं जीएसटी रिटर्न तोंडावर, आणि ताई फायलीतली बिलं काढून पहिल्यापासून नोंदी करत बसल्या.

एवढं होऊनही आठवड्याच्या आत पाट्या परत सुरू झाल्या, कारण मराठी फॉन्ट बदलायची तीच फुकट साइट पुन्हा उघडली गेली होती आणि तिथं पुन्हा 'अलाऊ' दाबलं गेलं होतं. मला बोलावलं तेव्हा ताई म्हणाल्या, "दादा, आता परत फॉरमॅट नको हं." क्रोमची यादी उघडली, नको ते पत्ते ब्लॉक केले, पाट्या थांबल्या. चहा यायच्या आत काम झालं होतं. त्या पोराचा मला आजही राग आहे. हात चालवायची घाई, पण आधी डेटा कुठं आहे हे विचारायचं सुचलं नाही.

ती यादी अशी काढायची: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. परवानगी मिळालेल्या साइट्स खाली दिसतात. पत्त्यासमोरचे तीन ठिपके दाबून 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' केलं तर ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारते, म्हणून नकोशा साइटला मी कायम ब्लॉकच करतो. त्याच पानावर सगळ्या साइट्सना विचारायलाच मनाई करता येते. ऑफिसच्या मशीनवर मी ती सरसकट लावतो. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील किंवा एजही वापरत असाल, तर प्रत्येकाची यादी वेगळी असते. सगळ्या तपासा.

वैतागून सगळंच बंद करणं

ही दुसरी चूक व्हिडिओ बघून शिकलेल्यांची. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक ओळ बदलायची आणि नोटिफिकेशन मुळापासून बंद. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीचा खरा इशाराही दिसत नाही, बॅकअप अडकलाय हेही कळत नाही. पुढं कधीतरी दुसरा माणूस मशीन दुरुस्त करायला बसतो आणि हे कुणी, कुठं बदललंय, ते शोधण्यात त्याची दुपार जाते. रजिस्ट्रीला हात लावायचं इथं काहीच कारण नाही.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स असं गेलं की प्रत्येक ॲपचं वेगळं बटण मिळतं. माझी सवय अशी: ॲपचं बॅनर, म्हणजे कोपऱ्यात येणारी पाटी, बंद करायचं, पण नोटिफिकेशन सेंटरमध्ये नोंद राहू द्यायची. आवाजही बंद. काम करताना काही आडवं येत नाही आणि फुरसतीनं विंडोज व एन ही बटणं एकत्र दाबली की सगळं एका जागी वाचायला मिळतं. हे एका बैठकीत उरकायला जाऊ नका. जे बॅनर त्रास देईल त्याच्यावरचे तीन ठिपके दाबून तेवढंच बंद करायचं. आठवडाभर हे केलं की मशीन तुमच्या कामाच्या सवयीला बसतं. नवशिक्यांना एवढा धीर नसतो, त्यांना एकच जादूचं बटण हवं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रोजेक्टर लावण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, म्हणजे पाट्या सगळ्यांसमोर येत नाहीत. स्क्रीन डुप्लिकेट केल्यावर ते आपोआप चालू होईल अशी सोयही विंडोजच्या त्याच नोटिफिकेशन्सच्या पानावर आहे.

काउंटरवरच्या मशीनवर लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवणं बंद ठेवा. फोन जोडलेला असेल तर बँकेचा ओटीपी गिऱ्हाइकासमोर येतो.

बॅनर वाचायच्या आत जातं ही तक्रार वयस्कर मंडळींची असते आणि ती रास्त आहे. सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीमधल्या 'व्हिज्युअल इफेक्ट्स'मध्ये बॅनर टिकायची मूळची 5 सेकंदांची मुदत वाढवता येते.

"मशीन साफ करतो" म्हणणारे फुकट क्लीनर टाकू नका. ते स्वतःच नोटिफिकेशन पाठवत बसतात.

त्या खोट्या पाटीवरच्या नंबरला कुणी फोन केला असेल आणि पलीकडच्या माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल, तर मात्र नोटिफिकेशन बंद करून भागणार नाही. आधी इंटरनेट तोडा. बँकेला फोन करा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, सकाळची वाट बघू नका. मशीन दुकानात त्यानंतर आणलं तरी चालेल.