गावातल्या जुन्या मूर्तींची नोंद कशी करावी

आपल्या गावात मारोतीच्या देवळामागे, पाराखाली, पांदणीच्या कडेला नाहीतर कुणाच्या वावराच्या धुऱ्यावर कोरीव दगड असेल, तर त्याची नोंद या हिवाळ्यातच करून घ्या. पावसाळ्यातलं गवत तोवर वाळलेलं असतं, ऊन तिरपं असतं आणि संध्याकाळी शेकोटीपाशी माणसं निवांत बोलतात. मोबाइल, मोजायचा टेप, वही, एक चांगली बॅटरी आणि थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढंच सामान लागतं.

आर्वीकडे माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे मुहूर्त नसले की मी गाडी काढतो आणि गावोगावचे दगड टिपत फिरतो. सरकारी यादीत मोठी देवळं येतात, पण गावातले सुटे दगड बहुतेक कुठल्याच कागदावर नसतात. कागदावर नसलेली मूर्ती हरवली, तर ती आपली होती हे सांगायलाही काही उरत नाही. तमिळनाडूतल्या अनंतमंगलमच्या देवळातले राम, लक्ष्मण आणि सीता १९७८ साली चोरीला गेले. २०२० मध्ये ते इंग्लंडहून परत आले. ओळख पटली ती पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५८ साली काढून ठेवलेल्या फोटोंवरून. फोटो काढणाऱ्याला वीस वर्षांनी चोरी होणार हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्याने आपलं काम नीट केलं, इतकंच.

आधी माणसं, मग मूर्ती

गावात गेल्या-गेल्या मोबाइल काढू नका. आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा. मग ज्याच्या घराकडे त्या देवाचा मान आहे, त्याला विचारा. मोर्शीकडच्या एका गावात एका आजीबाईंनी मला जे सांगितलं, तोच माझा नियम झाला आहे: "फोटो काढ बाप्पा, पण देवाच्या अंगाले हात नको लावू." मूर्ती हलवायची नाही, फुलं-हार बाजूला करायचे असतील तर पुजाऱ्यानेच करायचे. भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसाच्या आठवणीत आजही दगड उभे करतात. तो चालता रिवाज आहे, त्याला पुराणवस्तू समजून कॅमेरा रोखू नये. गावाच्या गायत्याला, म्हणजे तिथल्या गावप्रमुखाला, विचारावं, आणि तो नाही म्हणाला तर नमस्कार करून निघावं.

लोक मूर्तीला ज्या नावाने हाक मारतात, तेच नाव वहीत पहिलं लिहा. चंद्रपुरात लालपेठला उघड्यावर अजस्र शिल्पं आडवी पडलेली आहेत. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने मोठं देऊळ बांधायचं मनात धरून ती घडवून घेतली, देऊळ मात्र झालंच नाही. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मूर्तीला लोक रावण म्हणतात, कारण तिला दहा तोंडं आहेत. ती खरी दहा तोंडांची देवी आहे. तुमच्या वहीत दोन्ही नावं हवीत, आणि लोकांचं नाव खोडून त्यावर शास्त्राचं नाव लिहायचं नाही. पूजा कोणत्या दिवशी होते, नैवेद्य काय असतो, नवस कशाचा बोलतात, हेही विचारा. दगडाचं आयुष्य मोठं असतं, पण ही माहिती एका म्हाताऱ्या माणसाबरोबर जाते.

आणखी एक काम कराच. गावातले लग्नाचे जुने अल्बम चाळा. आपल्याकडे नवरदेव-नवरी मारोतीच्या किंवा गावदेवाच्या पाया पडतात आणि तिथे फोटो निघतोच. एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला, संगमरवराची नवी मूर्ती बसली आणि काळ्या पाषाणाचा जुना विष्णू 'खंडित' म्हणून नदीच्या डोहात सोडला गेला. त्या विष्णूचं एकमेव चित्र आज उरलं आहे ते एका लग्नाच्या फोटोत. नवरीच्या खांद्यामागे त्याचा मुकुट, वरचा डावा हात आणि त्या हातातला शंख स्पष्ट दिसतो. बाकी सगळं बाशिंगाआड. मी तो फोटो मोठा करून त्या घरी आणि देवळात, दोन्हीकडे लावायला दिला. म्हणून हात जोडून सांगतो, खंडित मूर्ती पूजेतून काढायची असेल तर खुशाल काढा, पण पाण्यात सोडू नका. देवळाच्या ओसरीला, पत्र्याच्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ओटा करून ठेवा.

उजेड

भर दुपारी काढलेला कोरीव दगडाचा फोटो फुकट जातो. नक्षी खोल नसते. ऊन समोरून पडलं की सगळं सपाट होतं. मूर्तीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहा आणि ऊन तिच्या अंगावरून घासत जाईल ती वेळ शोधा. पूर्वाभिमुख दगडाला बहुधा सकाळ उलटताना, ऊन चेहऱ्यावरून सरकू लागतं तेव्हा. त्या पंधरा-वीस मिनिटांत असं काही दिसतं की गावातलीच माणसं म्हणतात, इतकी वर्षं पाहतो, पण हे घोड्याचे पाय कधी दिसले नव्हते.

गाभाऱ्यात किंवा झाडाच्या दाट सावलीत अंधार पडल्यावर काम करा. मोबाइल विटांवर पक्का टेकवा, टायमर लावा आणि बॅटरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. मग तोच फोटो बॅटरी दुसऱ्या बाजूने धरून घ्या, मग वरून, मग खालून. झिजलेली अक्षरं याच उजेडात उठतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरला की काळोखात गेलेला भाग उजळतो. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, कोळसा किंवा तेल चोळू नका. दगडाच्या बारीक भोकांत ते कायमचं बसतं.

जवळ जाऊन काढू नका. चार पावलं मागे सरा आणि थोडा झूम वापरा, नाहीतर मूर्तीचं डोकं मोठं आणि पाय बारीक येतात. मोबाइल मूर्तीच्या छातीच्या उंचीवर, अगदी सरळ. समोरून, दोन्ही बाजूंनी, जमलं तर मागून, मग पायाचा पाट, प्रत्येक हात, चेहरा. एका फोटोत टेप शेजारी उभा धरा. एक फोटो लांबून काढा, ज्यात देऊळ, चिंच किंवा विहीर दिसेल. आणि प्रत्येक टवका, प्रत्येक तडा वेगळा टिपा. एकाच कारागिराच्या हातच्या दोन मूर्ती जुळ्या असू शकतात, पण तुटलेलं बोट दोन्हीकडे सारखं नसतं. चोरीची मूर्ती पकडताना त्याच खुणा कामी येतात.

पाहायचं काय

दगड कोणता ते आधी लिहा. पश्चिम विदर्भात बहुतेक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. रामटेक, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तांबूस-पिवळसर वालुकाश्म. मार्कंड्याची देवळं त्याच वालुकाश्माची आहेत. काळ्या पाषाणाच्या गावात तांबूस मूर्ती दिसली, तर ती कुठून आली हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

मग हात मोजा. विष्णू असेल तर आयुधांचा क्रम लिहा: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत चोवीस प्रकारे धरता येतात आणि शास्त्राने त्या चोवीस क्रमांना चोवीस नावं दिली आहेत. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. एक हात तुटलेला असला तरी उरलेल्या तिघांवरून नाव लागतं.

रामटेकच्या केवल नरसिंहासमोर एकदा शांतपणे उभे राहा. पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली मूर्ती. नेहमीसारखा मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. दोनच हात, एक गुडघा उभा करून राजासारखा ऐसपैस बसलेला, हातात चक्र. देवळाची डागडुजी करताना १९८०च्या दशकात भिंतीवर शिलालेख उघडा पडला. त्यात वाकाटक घराण्याची हकिगत आहे, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावासह. म्हणून म्हणतो, जुन्या देवळाच्या भिंतीचा गिलावा काढणार असाल तर कामावर एक जण लक्ष ठेवायला बसवा. आणि त्या भिंतीवर टाइल्स लावायच्या असतील, तर कृपा करून लावू नका.

अंगावर दागिना नाही, छातीच्या मधोमध चौकोनी फुलासारखी खूण आहे आणि हात गुडघ्यांपर्यंत सरळ सोडलेत, तर तो जैन तीर्थंकर. डोक्यावर सात फण्यांचा नाग असला तर पार्श्वनाथ. खांद्यावर केसांच्या बटा असल्या तर ऋषभनाथ. पाटावर कोरलेला छोटा प्राणी पाहा, बैल ऋषभनाथाचा, सिंह महावीराचा. बुद्धाच्या छातीवर ती खूण नसते, अंगावर चीवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची, कड दिसते, डोक्यावर उंचवटा असतो. भद्रावतीच्या विजासन लेण्यांतले बुद्ध पाहून आलात की डोळा बसतो. कितीतरी गावांत तीर्थंकराला नागोबा म्हणून दूध मिळतं. मिळू द्या. तुम्ही फक्त नोंद करा.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, हा माझा जिवाभावाचा विषय. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, आणि तिथे गाई-गुरं कोरलेली असतील तर हा माणूस गावची गुरं सोडवताना पडला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतात. त्यावर तो शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, कारण ते आहेत तोवर याचं नाव राहावं. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात आणि उघडा पंजा दिसला, तर ती सतीशिळा. तिच्यापुढे मी दर वेळी अवघडून उभा राहतो, पण नोंद तिचीही करतो. तिच्याबद्दल लिहिलेलं दुसरं काहीच नाही.

ग्रीस देशात अ‍ॅटिका भागात अनाव्हिसोसला सापडलेला एक तरुण संगमरवरात उभा आहे, साधारण इ. स. पू. ५३० चा. त्याच्याशी जोडल्या गेलेल्या पाटावर कोरलेलं आहे की वाटसरू, थांब, पहिल्या फळीत लढताना पडलेल्या क्रोइसोससाठी शोक कर. चोरांनी ती मूर्ती देशाबाहेर पॅरिसला नेली होती, १९३७ साली ती ग्रीसला परत आली. आपल्या आखरावरचा वीरगळ आणि हा क्रोइसोस एकच गोष्ट सांगतात. क्रोइसोसला अथेन्सच्या संग्रहालयात जागा मिळाली. आपल्या वीराला लोक कधी मुंजा म्हणून शेंदूर लावतात, कधी त्याच्यावर म्हशीचा दोर बांधतात.

शेंदराचं सांगतो. शेंदूर खरवडू नका. खालचा चेहरा पाहायची ओढ मला समजते, पण थराबरोबर दगडाची पापुद्रीही निघते, आणि भक्तांचं मन दुखतं ते वेगळंच. वणीच्या सप्तशृंगीवरचा थर २०२२ मध्ये काढला, तोही जाणकारांच्या देखरेखीखाली. ऑइल पेंट मात्र लावू देऊ नका. दगडाच्या पोटात ओल कोंडली की पृष्ठभाग फुगतो आणि पापड सुटावा तसा सुटतो. अ‍ॅसिडने धुणं त्याहून वाईट.

कालच्या मूर्तीही लिहा

आष्टी आणि चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी माणसं पडली, त्यांची स्मारकं आहेत. गावोगाव बाबासाहेबांचे पुतळे आहेत, गाडगेबाबा आहेत, तुकडोजी महाराज आहेत. सिमेंटचे, दरवर्षी रंगवलेले. माझ्या लेखी यांची नोंद वाकाटकांच्या मूर्तीइतकीच मोलाची. वर्गणी कुणी गोळा केली, कारागीर कोणत्या गावचा, पहिल्या दिवशी कोटाचा निळा कसा होता, हे सांगणारी माणसं आज हयात आहेत. आजच विचारा. कोनशिलेचा फोटो घ्या, पुसट नावं वहीत उतरवा.

जमिनीतून मूर्ती निघाली तर

नांगराला, जेसीबीला किंवा विहिरीच्या खोदकामात मूर्ती लागली की काम थांबवा. आहे तशी, आहे तिथे फोटो काढा. धुऊ नका, घासू नका. तहसीलदारांना आणि पोलीस पाटलांना कळवा. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर तर नेताच येत नाही. 'किंमत लावून देतो' म्हणणारा कुणी आला, तर त्याच्या गाडीचा नंबर लिहून घ्या.

कळवलं की मूर्ती कायमची जाते ही भीती खरी आहे, मला ती ठायी ठायी भेटते. मेहकरची शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती १८८८ साली सापडली, तेव्हा गावकऱ्यांनी तडकाफडकी प्रतिष्ठापना केली म्हणून ती साहेबाच्या देशी गेली नाही, असं मेहकरला सांगतात. पवनारला विनोबांना खणताना राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं, ते आजही धाम नदीकाठच्या आश्रमातच आहे. गावाने एकत्र बसून अर्ज केला, सुरक्षित जागा दाखवली, तर मूर्ती गावातच ठेवा असं ठामपणे मागता येतं. त्या अर्जाला तुमचे फोटो जोडा.

नोंद ठेवायची कुठे

मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात. फोटो पेपरवर प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने गाव, जागा, तारीख, उंची-रुंदी-जाडी, लोकांचं नाव आणि माप घेणाऱ्याचं नाव लिहा. लॅमिनेशन करू नका. एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक देवळाच्या पंचांकडे, एक आपल्या घरी. आणि एक नागपूरला राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. लहान, उचलून नेता येईल अशा मूर्तीचा ठावठिकाणा फेसबुकवर टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवरही नको.

पुढच्या वर्षी पोळा झाला की जुने प्रिंट घेऊन त्याच जागी उभे राहा, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी धरून पाहा. नवा तडा, नवा रंग, हललेला पाट, जे दिसेल ते तारखेसह त्याच वहीत लिहा.