लॅटिनो किशोरांमधील आत्महत्येचा धोका: काय पाहावे, काय करावे

अमेरिकेत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या किशोरवयीनांत मुलींचे प्रमाण जास्त असले, तरी जीव गमावणाऱ्यांत मुलग्यांची संख्या अधिक असते. तेथील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलग्यांना शिकवणाऱ्या किंवा समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी धरून कामाला लागावे.

मुलगा रडेल तेव्हा कळेल, या भरवशावर राहू नये. पुरुषाने डोळ्यांत पाणी आणू नये, हे 'माचिस्मो'चे, म्हणजे मर्दानगीच्या कल्पनेचे, वळण लहानपणापासून अंगी मुरलेले असल्यामुळे नैराश्य अनेकदा चिडचिड, मारामारी, दारू किंवा शाळा बुडवणे अशा रूपांत बाहेर पडते आणि शाळा शिस्तीची कारवाई करून मोकळी होते. शिक्षा ठरवण्याआधी त्याची झोप, भूक आणि तुटलेली मैत्री यांची चौकशी करावी. यापूर्वीचा प्रयत्न हा धोक्याचा सर्वांत गंभीर इशारा समजावा. शाळेतील छळ, वंशभेद, आईवडिलांच्या हद्दपारीची धास्ती, तसेच समलिंगी असल्यास घरून मिळालेला नकार यांनीही धोका वाढतो.

कुटुंबाशी घट्ट नाते हा या मुलांचा मोठा आधार आहे, मात्र याच नात्यापायी मुलगा गप्पही राहतो. दवाखान्यात आईसाठी इंग्रजीचे स्पॅनिश करून सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला आपले दुःख सांगणे म्हणजे घरावर आणखी एक ओझे टाकणे वाटते. म्हणून घरात सर्वांत जवळचे कोण, आजी की मामा, हे त्यालाच विचारावे आणि त्या व्यक्तीला सोबत घ्यावे. पालकांशी बोलताना मात्र त्यालाच दुभाषा करू नये. ही चूक फार सहज होते.

'जीव द्यावासा वाटतो का?' असे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. कोणाला सांगणार नाही, असे वचन देऊ नये. उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटे सोडू नये आणि 988 या मदतवाहिनीवर फोन करावा. 2 दाबल्यास स्पॅनिशमध्ये बोलता येते. जीवावरचा प्रसंग असेल तर 911 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. घरात बंदूक असल्यास ती घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवण्याविषयी पालकांशी त्याच दिवशी बोलावे. ते शक्य नसेल, तर बंदूक आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत ठेवायला सांगावे. औषधेही कुलपात असावीत. पुढील भेटीची वेळ तो निघण्यापूर्वीच ठरवावी आणि तो आला नाही, तर त्याच दिवशी घरी फोन करावा.