लाकूड वाळवताना होणारे हवेचे प्रदूषण: या चुका टाळा

लाकूड वाळवण्याच्या भट्टीबद्दल तक्रार आली की सगळ्यांची नजर छपरावरच्या व्हेंटमधून निघणाऱ्या पांढऱ्या लोटाकडे जाते. पण ती बहुतांशी पाण्याची वाफ असते, थोडी वर जाऊन विरते. आधी बघायला हवी ती भट्टीला उष्णता पुरवणाऱ्या बॉयलरची चिमणी.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ओला भुसा आणि ताज्या ढलप्या तशाच बॉयलरमध्ये ढकलणे. त्यातले पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, आग थंडावते, ज्वलन अर्धवट राहते आणि चिमणीतून कार्बन मोनॉक्साइड, काजळी व पीएम २.५ (हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म) कण बाहेर पडतात. धुराच्या रंगावरून अंदाज घेता येतो. काळा धूर दिसला तर हवा कमी पडतेय किंवा एकदम फार इंधन टाकलेय. पांढरट धूर विरत नाही, रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, तेव्हा इंधन ओले असण्याची शक्यता जास्त. इंधन छपराखाली साठवा, थोडेथोडे टाका. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेल्या फळ्यांचे तुकडे मात्र कितीही कोरडे असले तरी नकोत. त्यातला गोंद आणि रंगही जळतो.

दुसरी चूक गैरसमजातून होते. ओक, बीच यांसारख्या लाकडात पाइनसारखी राळ नसते, म्हणून त्यातून काही निघतच नाही असे धरून चालतात. प्रत्यक्षात उष्णतेने लाकडातले हेमिसेल्युलोज (लाकडाच्या पेशीभित्तीतला एक घटक) हळूहळू विघटित होते आणि अ‍ॅसेटिक आम्ल, मिथेनॉल, थोडे फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. ओकच्या भट्टीतला आंबूस वास आणि गंजलेल्या बिजागऱ्या ही त्याच आम्लाची करणी. तापमान चढेल तसे हे उत्सर्जन तर वाढतेच, शिवाय दोन दिवस वाचवण्यासाठी पारा चढवणे दुहेरी महागात पडते: फळ्या आतून फाटतात आणि जाळलेले इंधनही वाया जाते.

ताजे कापलेले लाकूड थेट भट्टीत भरू नका. समजा, पूर्ण कोरडे केल्यावर १०० किलो भरेल एवढ्या लाकडात कोरड्या वजनाच्या ६० टक्के ओलावा आहे आणि तो १० टक्क्यांवर आणायचा आहे. म्हणजे ५० किलो पाणी काढायचे. उघड्यावर, सावलीत थप्पी लावून ओलावा २५ टक्क्यांपर्यंत उतरवला तर भट्टीच्या वाट्याला फक्त १५ किलो उरते. इतका फायदा दुसऱ्या कुठल्याच उपायात नाही. जागा अडते, भांडवल अडकते, हे खरे, तरीही.

व्हेंट उघडे आणि वाफेचा फवाराही चालू, असे दिसले तर इंधन वाया जातेय; आर्द्रतेचे सेन्सर आधी तपासा. ओल्या बल्बची (ओली वात गुंडाळलेल्या, आर्द्रता मोजणाऱ्या तापमापकाची) वात वाळली असली तर आर्द्रता आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि व्हेंट विनाकारण उघडतात.

भट्टीतून निघणाऱ्या वायूंची मोजणी करून घेताना यंत्र कुठले, ते विचारा. ज्वाला-आयनीकरण पद्धतीचे (वायूचा नमुना ज्वालेत जाळून मोजणारे) यंत्र फॉर्मल्डिहाइड जवळजवळ पकडतच नाही, मिथेनॉलही कमी दाखवते. आकडा छोटा आला म्हणून निर्धास्त होण्याऐवजी ही दोन्ही स्वतंत्रपणे मोजून घ्या.