युरोपीय संघाच्या विस्तारप्रक्रियेत दिव्यांग हक्कांचे काम करताना

युरोपीय संघात प्रवेश मागणाऱ्या देशाबरोबरच्या वाटाघाटींच्या ३५ विषयवार प्रकरणांत दिव्यांगांसाठी स्वतंत्र प्रकरण नाही, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने आधी मनावर बिंबवावे. संघाच्या सदस्यत्वासाठी उमेदवार असलेल्या सर्बियातील एका दिव्यांग संघटनेत काम सुरू केले तेव्हा मी सामाजिक धोरण आणि रोजगाराच्या १९ व्या प्रकरणातच रुतून बसले होते. तिथे भेदभावबंदी, रोजगार आणि सामाजिक समावेशन सापडते आणि विषय संपला असे वाटू लागते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे निवासी संस्थांत ठेवलेली माणसे आणि न्यायालयाच्या आदेशाने कायदेशीर क्षमता गमावलेले प्रौढ यांचा प्रश्न न्यायव्यवस्था व मूलभूत हक्कांच्या २३ व्या प्रकरणात येतो; वाहतूक १४ व्यात, सार्वजनिक खरेदी ५ व्यात आणि प्रादेशिक निधी २२ व्यात. २०२० च्या सुधारित पद्धतीनुसार २३ वे प्रकरण ज्या गटात आहे तो सर्वांत आधी उघडतो व सर्वांत शेवटी बंद होतो, त्यामुळे तिथे नोंदवलेला पुरावा दीर्घकाळ उपयोगी पडतो. १९ व्यात अडकलेल्या निवेदनाला मात्र ‘कायदा झाला आहे’ एवढे उत्तर पुरते.

निधीकडे दुर्लक्ष करणे तर परवडणारच नाही. २००४ मध्ये सदस्य झालेल्या हंगेरीत संघाचाच पैसा निवासी संस्थांच्या बांधकामावर खर्च झाला आणि संघटनांना सदस्यत्वानंतर त्याविरुद्ध झगडावे लागले. प्रवेशापूर्वी सरकारवर जो दबाव आणता येतो, तो नंतर तितका राहत नाही.

सल्लागार कंपन्यांचे तयार साचे वापरून निवेदने लिहिणे मला मुळीच पटत नाही. उमेदवार देशाच्या प्रगतीवरचा युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेचा, वार्षिक अहवाल बहुधा शरद ऋतूत येतो, पण त्यासाठीची माहिती काही महिने आधीच पोहोचलेली असावी लागते, आणि ‘मर्यादित प्रगती’ या ठरावीक शेऱ्यामागचे वास्तव दाखवू शकेल अशी माहिती त्या साच्यांत कधीच नसते. ती निवासी संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसांकडे असते. मार्गदर्शकही त्यांच्यातूनच निवडावा; ब्रसेल्समधील नामांकित तज्ज्ञ नंतरही भेटतील.

कायद्याची पदवी नाही म्हणून मागे हटू नये. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये, सर्बियाने २००९ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१० मध्ये मान्यता दिली. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ज्यांनी नीट वाचला आहे त्यांना या करारातील पुष्कळ भाग ओळखीचा वाटेल. देखरेखीत दिव्यांगांच्या संघटनांना पूर्ण सहभाग देणारे कराराचे कलम ३३ निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे, म्हणजे बैठकीला बोलावणे ही सरकारची मेहेरबानी ठरत नाही.